मोरीचा कठडा आणि तुमचे साहेब

काल तामीरातचे साहेब घरी आले आणि माझ्या आधी रडले.

तुम्ही गेल्यापासून ओसरी रिकामी नाही. कोर्टातले वकील येतात, पक्षकार येतात, राजेश्वरहून माझ्या माहेरची माणसं आली, मन्नाएखेळ्ळीची तर अर्धी बाजारपेठ येऊन गेली. सगळ्यांसमोर मी नीट होते. कुणी पाणी मागितलं तर द्यायला लावलं, कुणी गळा काढला तर पाठीवर हात फिरवला. तेरावं झालं, तसं वाटलं की आता दार लावून घ्यावं आणि एकदा मनासारखं रडावं. तेवढ्यात सडक-पुलांच्या खात्याच्या ह्या साहेबांची गाडी आली. ओसरीवर बसले, भाऊजींनी पाणी पुढं केलं, तर ते तांब्याला हातही न लावता रुमालात तोंड घालून हुंदके द्यायला लागले. मी आतल्या दारामागं बसले होते. माझ्या डोळ्यात आलेलं होतं ते तिथंच आटलं. मला राग आला. राग म्हणते, पण तुमच्यापाशी कशाला लपवू, मत्सर वाटला. नवरा माझा गेलाय आणि रडायचा पहिला मान हे घेऊन बसले.

तुम्ही असता तर हसला असता. म्हणाला असता, "अगं, सरकार रडायलंय. रोज रोज रडतंय का? रडू दे की." आणि त्यांच्याजवळ जाऊन बसला असता. माझ्याजवळ नाही. हे मला पक्कं माहीत आहे.

येणारे लोक तुमचीच गोष्ट मला सांगतात, जशी काही मी दुसऱ्या गावाहून आले आहे. हुमनाबादच्या कोर्टातला एक साधा वकील, वकिलांच्या वाट्याच्या जागेवरून हैदराबादच्या कायदे मजलिसीत, म्हणजे कायदे करणाऱ्या सरकारी सभेत गेला आणि तिथं बसून सरकारला सडकांचे सवाल विचारायला लागला. सडकेवर खडी कुणी टाकली, मुरूम कुठून आणला, ठेका घेतलेला गुत्तेदार कुणाचा कोण लागतो, पुलासाठी घेतलेला माल पुलालाच लागला का. बाकीचे सभासद आपापल्या जहागिरीचं बघत होते, हा एकटा मोऱ्या आणि पूल मोजत बसला. असं सगळं. मी मान हलवते. मनात म्हणते, लोकांनो, तुम्ही सवाल ऐकलेत, मी सवालामागचा माणूस ऐकलाय, पण तो काय बोलत होता ते मलाही नीट सांगता येणार नाही.

आणि मजलिसीत सवाल विचारायची मुभा तरी केवढी होती? आधी लिहून द्यायचा, वरच्यांना पसंत पडला तर घेणार, उत्तर त्यांच्या सवडीनं. सडका आणि पूल बांधणारं खातं तामीरातचं, म्हणून तुमच्या बहुतेक सवालांना उत्तर द्यायची पाळी ह्या साहेबांवर यायची. तुम्ही विचारायचं, त्यांनी अंगावरची धूळ झटकावी तसं उत्तर द्यायचं, तुम्ही पुन्हा विचारायचं. बघणाऱ्याला वाटावं की दोघांचं सात जन्मांचं वैर आहे. मलाही आधी तसंच वाटलं होतं, आणि तेव्हा बरं वाटलं होतं.

तुम्ही सरकारला एवढं विचारलंत. मला काय विचारलंत, सांगा. चहा झाला का. माझा चष्मा कुठं ठेवलास. पाव्हणे जेवून जाणारेत का. आणि ह्या सवालांचं उत्तरसुद्धा ऐकायला तुम्ही थांबत नव्हता, चष्मा कपाळावरच असायचा. मूलबाळ नसलेल्या घरात बोलायला माणसं दोनच असतात. त्यातलं एक जर कायम हैदराबादेशी बोलत असेल, तर दुसऱ्यानं भिंतीशी बोलावं. मी बोलले. भिंत ऐकून घेते, एवढं तरी तिचं चांगलं आहे.

मजलिसीला जायच्या आधी तुम्ही सवाल पाठ करत होता. ओसरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, हात मागं बांधून, उर्दूत. मी आत भाकरी थापत असायची. तुम्ही मधेच एखाद्या शब्दावर अडायचात आणि थांबून राहायचात. मला तो शब्द रोज ऐकून पाठ झालेला असायचा. मी आतून म्हणायची, "लिहाजा." तुम्ही "हां, लिहाजा" म्हणून पुढं चालायला लागायचात. शब्द कुठून आला हे बघायला कधी वळून बघितलं नाहीत. तरी सांगते, त्या दिवसांइतकं सुख मला परत मिळालं नाही. माझी मराठी अप्पांनी शिकवली, कन्नड आईची, आणि उर्दू तुमच्या येरझाऱ्यांची. ह्याबद्दल तुमचे उपकार आहेत आणि ते मी फेडणार नाही.

सुभद्राक्काचं बोलायला हवं. ते टाळून पुढं जाता येत नाही.

सुभद्राक्का माझी चुलत बहीण, राजेश्वरला आम्ही एकाच अंगणात वाढलो, तिला दिली मन्नाएखेळ्ळीला. बाजारचा दिवस होता. ती मोटारीत बसून हुमनाबादला माझ्याकडंच येत होती. गावाबाहेर ओढ्यावर ती मोरी आहे, सडक तिथं आवळलेली. समोरून कडब्याच्या गाड्या आल्या. ड्रायव्हरनं मोटार बाजूला घेतली. बाजूला काही नव्हतं. ओढा कोरडा होता, खाली दगडगोटे, मोटार त्यांच्यावर जाऊन पालथी झाली. अक्का गेली. तिच्याबरोबर आणखी माणसं गेली. तिनं माझ्यासाठी बांधून घेतलेली शेंगाची चटणी कुणीतरी नंतर आणून दिली, फडक्याची गाठ तशीच होती.

तुम्ही कोर्टातून आलात. भाऊजींना विचारलंत, मोटारवाल्याच्या माणसाला विचारलंत, पोलीस पाटलाला विचारलंत. मी चुलीपुढं बसले होते. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मीच बोलले. "त्या मोरीला कठडा न्हाई हो," मी म्हणाले. "दोन्ही अंगाला नुसते चुना लावलेले दगड उभे केल्यात. माणसानं गाडी बाजूला घ्यायची म्हटली तर जावं कुठं?" तुम्ही थांबलात. माझं वाक्य तुम्ही उचललंत हे मला तुमच्या तोंडावरून कळलं.

आणि ते तसंच्या तसं उचललंत, हाच घोळ झाला. सवाल उर्दूत लिहिलात, पण मोरी माझीच ठेवलीत. आमच्याकडं मोरी म्हणजे सडकेखालची पाण्याची वाट, आणि आमच्याकडंच मोरी म्हणजे घरात न्हाणीपाशी भांडी घासायची जागा. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोन्ही ठाऊक, म्हणून कधी अडत नाही. हैदराबादेत मोरी एकच, गटाराची. पुलिया म्हणायला हवं होतं. तुम्हाला काय ठाऊक नव्हतं? कोर्टात तुम्ही फारसीमिश्रित अर्ज लिहून मोठमोठ्यांना घाम फोडत होता. पण घाईत होता की अक्काच्या दुःखात होता, कोण जाणे, मोरीच लिहून गेलात. तो सवाल गेला सफाईवाल्यांकडं. मजलिसीत उत्तर वाचून दाखवलं गेलं की मौजे मन्नाएखेळ्ळी येथील मोरीची सफाई रोजच्या रोज होत असून दुर्गंधीबाबत कोणाचीही तक्रार नाही.

सगळी मजलिस हसली. तुम्हीही हसलात. हसत हसत घरी आलात आणि शेरवानीच्या गुंड्या काढता काढता मला तो प्रकार जसाच्या तसा करून दाखवलात, सफाईवाल्याचा आवाज काढून. मी हसले नाही.

"अक्का मेली त्या जागेला लोक हसल्यात आन् तुम्ही बी हसायलाव?" मी म्हणाले.

"अगं, हसले म्हणून तर ध्यानात राहिला," तुम्ही म्हणालात. "न्हाईतर असले सवाल रोज येतात आन् जातात. आता जलमभर इसरणार न्हाईत. बाहेर निघालो तर एक नवाब म्हणतोय, वो देखो, मोरीवाले वकील."

ते तुमचं नाव पडलं ते पडलंच. काल-परवा आलेल्या माणसांनीही तेच नाव घेतलं, डोळे पुसत पुसत, मायेनं. हा भांडणाचा मुद्दा आपला राहूनच गेला, म्हणून आता सांगते. शब्द माझा होता. अक्का माझी होती. तुम्हाला नाव मिळालं आणि मला भांडी घासायची मोरी राहिली. मी हे त्या वेळी बोलले नाही, कारण तुम्ही इतके खुशीत होता की बोललं असतं तरी ऐकू गेलं नसतं.

पण सवाल ध्यानात राहिला हे खरं. पुढच्या वेळी तो पुलिया होऊन बरोबर तामीरातकडं गेला आणि तिथं दुसरंच निघालं. त्या सडकेवरच्या सगळ्या मोऱ्यांना कठडे बांधायचे म्हणून खात्यानं घडीव दगड केव्हाच विकत घेतला होता. गुत्तेदाराला कामही दिलं होतं, काम झाल्याचं कुणी तरी मान्यही केलं होतं. म्हणजे सरकारच्या लेखी कठडा बांधून उभा होता आणि अक्का त्या कठड्यातून आरपार खाली गेली होती. तुम्ही घरी येऊन हे शेरवानी न काढताच सांगितलंत. त्या दिवशी मात्र तुम्ही हसला नाहीत, आणि मला तुमच्याबद्दल फार वाटलं.

मग तुमचा एकच सवाल सुरू झाला. दगड गेला कुठं? साहेब उत्तर द्यायचे की चौकशी चालू आहे. तुम्ही विचारायचात, कोण करतंय. ते म्हणायचे, खातं करतंय. तुम्ही विचारायचात, खात्याची चौकशी खातंच करतंय का. असं चाललं होतं.

आणि तेवढ्यात साहेब आपल्या घरी यायला लागले.

दौऱ्यावर आले की डाक बंगल्यात उतरायचे आणि दुपार कलली की आपल्या ओसरीवर. मला वाटलं होतं, भांडायला येतात. भांडतच होते, पण असं भांडण मी आधी बघितलं नव्हतं. त्यांना आवडतो म्हणून तुम्ही चुरमुऱ्याचा सुशीला करायला सांगायचात, त्यात मिरची कमी, कारण त्यांच्या पोटाला चालत नाही. चहात साखर जास्त. त्यांना पाठीचा त्रास, म्हणून लोड. माझी पाठ कित्येक वर्षं दुखते आहे, तुम्हाला ठाऊक होतं का? कशाला ठाऊक असेल, मी काही तामीरातमध्ये नाही. तुम्ही दोघं बोलत बसायचात. मधेच एकदम हसू यायचं, दोघांचं एकत्र. मी आत सुशीला हलवत असायची आणि मनात म्हणायची, हे माझ्याशी असं कधी हसलेत?

"वो झूट नहीं बोलता," तुम्ही मला एकदा सांगितलंत, मी नाक मुरडलं म्हणून. "आधं खरं बोलतोय. बाकीचं आधं काढून घेणं माझं काम." मी म्हटलं, चांगलं आहे, त्यांच्यातलं काढून घ्यायला तुम्हाला वेळ आहे.

एकदा आपण मन्नाएखेळ्ळीला निघालो होतो, टांगा करून, आणि साहेबही त्याच सडकेवर होते. मोरीपाशी दोघं उतरलात. मी टांग्यात. तुम्ही दोघं त्या मोरीवरून येरझारा घालत होता. साहेबांनी हात आडवा करून कठडा किती उंच असावा ते दाखवलं, "इत्ता." तुम्ही त्यांचा हात धरून आणखी वर केलात, "न्हाई, इत्ता. बैल बिथरला तर ह्याच्यावरून पाय टाकंल." मग दोघं हसलात, हात तसाच धरलेला. माझी अक्का गेली त्यानंतर ती जागा मी पहिल्यांदाच बघत होते. मला उतरायचं आहे का असं कुणी विचारलं नाही. मी आपणच उतरले, कडेला गेले, खाली बघितलं. बाभळी होत्या, गोटे होते, एक शेळी चरत होती. साहेबांनी मला बघून मान दुसरीकडं वळवली आणि दूर जाऊन उभे राहिले. तुम्ही म्हणालात, "ऊन लागंल, टांग्यात बस." माया होती त्यात, ती मला कळते. पण माया वेगळी आणि विचारणं वेगळं.

आता दगडाचं. संक्रांतीला मी गुत्तेदाराच्या घरी हळदीकुंकवाला गेले होते, मुडबीच्या वाटेवर त्यांचा मळा आहे तिथं. त्यांची बायको भोळी. वाण दिल्यावर आम्हा सगळ्याजणींना नवा गोठा दाखवायला घेऊन गेली. "आमच्या म्हशीला बी घडीव दगड लागतोय बघा," म्हणाली, कौतुकानं. एकसारख्या उंचीचे, एका बाजूनं घासलेले दगड, गव्हाणीला लावलेले आणि उरलेले रचून ठेवलेले. गोठ्याला असला दगड कोण लावतं? मी घरी आले ती तुम्हाला सांगायला.

"हळदीकुंकवातली बात मी मजलिसीत कशी न्यावी?" तुम्ही म्हणालात. "साक्ष कुणाची म्हणून लिव्हू?"

"माझी," मी म्हणाले.

"तुझी?"

तेवढाच काय तो तुम्ही मला विचारलेला खरा सवाल. त्याचं उत्तर माझ्याकडं होतं. मी डोळ्यांनी बघितलं, हात लावून बघितलं, तुम्ही म्हणाल तिथं येऊन सांगते, असं मी म्हणणार होते. पण तुम्ही विचारलंत आणि हसून उठलात, पक्षकार आला होता. कायद्याच्या माणसाला बायकोची साक्ष कशी चालणार, हे मला समजतं. तरी त्या एका शब्दात तुम्ही मला जेवढं दुखावलंत तेवढं कुणी दुखावलेलं नाही.

आणि मग उन्हाळ्यात एक दिवस तुम्ही धावतच घरात आलात. "अगं ऐकलंस का, दगड घावला. साहेब सोता जाऊन बघून आल्यात. गुत्तेदाराच्या गोठ्यात."

"हे मी तुम्हाला संक्रांतीला सांगितलं होतं."

"व्हय की," तुम्ही म्हणालात. "पर साहेबांनी सांगितलं, तवा बात कायम झाली."

बात कायम झाली. मी त्या दिवशी जेवले नाही, तुम्हाला वाटलं मला एकादशी आहे. साहेबांनी भर मजलिसीत कबूल केलं की विकत घेतलेला दगड आपल्या जागी नाही. त्यापायी त्यांना वरून बोलणी खावी लागली, असं तुम्हीच सांगत होता, अभिमानानं, जसा काही तुमचा धाकटा भाऊ शर्यत जिंकला. त्यांनी हिंमत केली, मी नाही म्हणत नाही. मी फक्त एवढंच म्हणते की तेच मी आधी बोलले होते, तर तुम्ही हसलात. ह्यावर आपलं भांडण पुरं झालेलं नाही. तुम्ही अर्ध्यातून उठून गेलात, तेव्हा तुमचं म्हणणं मान्य झालं असं समजू नका.

सगळं वाईटच सांगितलं तर देव मला विचारेल. अक्का गेल्यानंतर आपण मोटारीनं कुठंही गेलो तरी तुम्ही मला आतल्या बाजूला बसवत होता आणि स्वतः कडेला. आधी असं नव्हतं. मला खिडकी आवडते म्हणून मी खिडकीशी बसत होते, तुम्हाला ते ठाऊक होतं. एकदा जागा नव्हती तर तुम्ही एका म्हाताऱ्याला उठवून माझी जागा बदललीत आणि त्याची माफी मागत राहिलात. कामून, हे तुम्ही कधी बोलला नाहीत. त्या जागेवरून मला सडक दिसायची नाही, तुमचा खांदा दिसायचा.

तुमचा शेवटचा सवाल तुम्ही तापाच्या आधी पाठवलात. मन्नाएखेळ्ळीच्या मोरीला कठडा केव्हा बांधणार आणि त्याच गुत्तेदाराला पुन्हा सरकारी काम देणार का. मग ताप आला. तो चढत गेला. मी कपाळावरच्या पट्ट्या बदलत होते, पायाचे तळवे चोळत होते, आणि तुम्ही डोळे मिटून बोलत होता. मी कान जवळ नेला. वाटलं, मला काही सांगायचं आहे. तुम्ही म्हणत होता, "जवाब दीजिए, साहेब. जवाब दीजिए." माझं नाव तुम्ही घेतलं नाहीत. वैद्य म्हणाले, तापात माणसाला काय कळतं. मला तेच तर लागलं. कळत असताना माणूस शिष्टाचार पाळतो.

म्हणून काल साहेबांचं रडणं मला बघवलं नाही.

ते शांत झाल्यावर भाऊजींशी बोलायला लागले. तुमच्याशिवाय मजलिस सुनी झाली, तिथं आता जो तो हां जी म्हणणारा, असं काहीबाही. मग म्हणाले, "और एक बात है भाऊ. कायदा ऐसा है के पूछनेवाला नहीं रहा तो उसका सवाल बी रद हो जाता. जवाब तैयार था मेरे पास. अब किसकू देना?"

भाऊजींनी मान खाली घातली. मीही घातली असती. पण मला एकदम दिसलं की हे आता उठणार, गाडीत बसणार, आणि अक्काच्या जागेचं उत्तर त्यांच्याबरोबर परत हैदराबादला जाणार. ते दगड पुन्हा कुठल्या तरी म्हशीला लागणार. आणि मी दारामागं बसून तुमच्या साहेबांवर जळत राहणार.

"जवाब मेरेकू देव," मी म्हणाले.

माझा आवाज ओसरीपर्यंत जाईल असं मलाच वाटलं नव्हतं. भाऊजी दचकले. "वैनी, तुम्ही आत बसा की," म्हणाले. साहेब उठले. मला वाटलं, रागावून निघाले. भाऊजीही त्यांना पोचवायला उठले. पण ते गेले नाहीत. त्यांनी शेरवानीची वरची गुंडी लावली, हात पुढं बांधले आणि दाराकडं तोंड करून उभे राहिले. मजलिसीत उत्तर देणारा उभा राहून देतो. मला ते समजायला जरा वेळ लागला, आणि समजलं तशी मी पाटावर सरळ बसले.

"भाबी," ते म्हणाले, "दगड सारा उठा लिए. उस गुत्तेदार कू आइंदा काम नक्को, ये हुकूम हो गया. पुलिया की मुंडेर बारिश से पहले बंध जाती."

तुम्ही असता तर इथं थांबला असता का? मी नाही थांबले.

"कौनसे साल की बारिश?" मी विचारलं.

भाऊजींनी कपाळावर हात मारला. साहेबांच्या तोंडावर ओळखीचं काही तरी आलं, रडू की हसू ते मला फटीतून दिसलं नाही. "ये जिमनी सवाल है," ते हळू म्हणाले. जवाब मिळाला की त्याच्याच पोटातून लगेच काढायचा दुसरा सवाल, त्याला तसं म्हणतात. "वकीलसाब बी ऐसाच पकड़ते थे."

"वकीलसाब का राहू द्या," मी म्हणाले. "पूछ मैं रहीऊं."

त्यांनी मान खाली घातली. "इसीच साल की, भाबी. दिवाली के पहले आपकू खुद ले जाके दिखाता मैं. नहीं दिखाया तो फिर पूछो."

एवढं बोलूनही ते बसले नाहीत. भाऊजी त्यांच्याकडं बघत होते, मग दाराकडं बघायला लागले. माझ्या लक्षात आलं की साहेब माझ्यासाठी थांबलेत. मी विचारलेलं संपलं, असं मी म्हणेपर्यंत त्यांना बसता येत नव्हतं. आणि मी म्हटलं नाही. जाणूनबुजून म्हटलं नाही. तामीरातचे साहेब माझ्या ओसरीवर उभे होते, मी पाटावर बसले होते, आणि बाहेर कुणाच्या बैलगाडीचा आवाज येऊन दूर गेला तरी मी गप्प होते. मग म्हणाले, "बैठो."

ते गेल्यावर मी दाराला टेकून रडले, एकदाची. तुम्ही हैदराबादहून यायचात तेव्हा तुमच्या तोंडावर एक तेज असायचं. मला वाटायचं, ते मोठ्या शहराचं आहे, साहेबांच्या दोस्तीचं आहे, आणि त्या साहेबांवर मी इतकी वर्षं जळत आले. उगाच जळले. त्या बिचाऱ्याकडं काही नव्हतं, तो उत्तर द्यायला उभा राहणारा होता. जळायचं तर तुमच्यावर जळायला हवं होतं. आपण एका ताटात जेवलो, माझ्या हातची शेंगाची पोळी तुम्ही अर्धी मोडून मला देत होता, आणि हे मात्र झाकून ठेवलंत. आपण विचारायचं आणि समोरच्यानं उत्तर दिल्याशिवाय हलायचं नाही, एवढं गोड असतं हे, आणि तुम्ही इतकी वर्षं एकट्यानं खाल्लंत.